गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही

सहकारी संस्थेच्या सभेची नोटीस कोणी धड वाचत नाही, पण तिची शेवटची ओळ आमच्या वडगणीत शेंबड्या पोरालाही पाठ असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. माझा थोरला भाऊ धनपाल चौगुले याने या एका ओळीच्या जोरावर सतरा वर्षं द्राक्ष संस्थेची चेअरमनकी केली. सभेची तारीख अशी काढायची, की माणसं छाटणीत गळ्यापर्यंत बुडालेली असतील. साडेदहाला सात टाळकी जमली की सभा तहकूब. मग चहा, खारी, इकडच्या तिकडच्या गप्पा. अकराला त्याच सात टाळक्यांत सगळे ठराव मंजूर. मला हे कॉलेजात असल्यापासून माहीत होतं आणि त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नव्हतं. आता साळसूदपणाचा आव कशाला आणू?

मी हेमलता चौगुले. संस्थेच्या प्रयोगशाळेची प्रमुख, वय एकेचाळीस, लग्न केलेलं नाही, जीभ तिखट. वडील गेले तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर दादानेच मला वाढवलं, सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टर होईपर्यंत शिकवलं, आणि शिकून परत आल्यावर गावात प्रयोगशाळा बांधून दिली. त्याचं मी कितीही वाईट बोलले तरी हे खोटं ठरत नाही. हे खरं आहे म्हणून त्याच्याविषयी चांगलं बोलावं, असंही नाही.

२०३६ सालापर्यंत पावसाने ताळतंत्र पार सोडलं होतं. दिवाळीत पाऊस, नाताळात पाऊस, आणि प्रत्येक पावसामागे बागेत डावणी. डावणी म्हणजे पुस्तकातला केवडा रोग. त्याचे बीजाणू पानावरच्या दवात अक्षरशः पोहतात, पोहत पोहत पानाच्या छिद्रात शिरतात आणि आठ दिवसांत घड वाळवून टाकतात. बाजारातली सगळी औषधं त्यांनी पचवली होती. पण या पोहणाऱ्या बीजाणूंचं एक वर्म आहे. पोहताना त्यांच्या अंगावर भिंत नसते, नुसतं पातळ कातडं असतं.

ते कातडं फाडणारा पदार्थ काही जिवाणू स्वतःच बनवतात. त्याचं नाव ऱ्हॅम्नोलिपिड. रेणूचं डोकं साखरेचं, शेपूट चरबीचं. डोक्याला पाणी मानवतं, शेपटीला तेल, म्हणून तो तेलापाण्याची दिलजमाई करतो. साबण तरी दुसरं काय करतो? पण हा साबण जिवाणूने केलेला, आठवड्याभरात मातीत विरून जाणारा. पानावरच्या दवात तो असला की बीजाणू शिरल्या शिरल्या फुटतो. तो सगळ्यांत जास्त बनवणारा जिवाणू दवाखान्यात भाजलेल्या माणसांच्या जखमा सडवतो, म्हणून मी त्याची जनुकं काढून मातीतल्या त्याच्या एका निरुपद्रवी चुलतभावात बसवली. सांगलीच्या वडाभजीच्या गाड्यांवरचं जळकं तेल आणि कारखान्याची मळी यांवर तो टाक्यांमध्ये मजेत वाढायचा. फेस मात्र एवढा व्हायचा की दोनदा तो शटरखालून रस्त्यावर आला होता, आणि कामगार मला माझ्या पाठीमागे फेसबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणजे मला ऐकू येईल इतपत पाठीमागे.

अडचण एवढीच होती की फवारा पुढच्या पावसाने धुऊन जायचा. दर चौथ्या दिवशी फवारणी कोण करणार? दादा म्हणाला, औषध पानावर मारण्यापेक्षा औषध करणाराच पानावर राहायला पाठव. मी त्याला ते का जमत नाही हे समजावून सांगितलं. आमच्या घरी जैनांच्या रीतीने दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, आणि तेवढा अर्धा तास दादा मोबाइल बाजूला ठेवतो. एकट्यादुकट्या जिवाणूला हा पदार्थ बनवणं परवडत नाही, मी म्हणाले. म्हणून प्रत्येक जण एक खुणेचा रेणू बाहेर सोडत राहतो. आजूबाजूला भाऊबंद भरपूर असले की ती खूण दाट होते, आणि मगच सगळे मिळून काम सुरू करतात. टाकीत कोट्यवधी असतात, तिथे अडत नाही. पानावर ते इथे चार, तिथे सहा असे विखुरलेले. त्यांची गणपूर्तीच होत नाही.

दादाने भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेता नेता थांबवला. "मग तहकूब कर की. अर्ध्या तासानं त्याच जागी घे. त्याला कुठं गणपूर्ती लागती?"

मी हसले. वहिनीही वाढता वाढता हसल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मात्र माझं हसू थांबलं, कारण ते करता येण्यासारखं होतं. खुणेच्या रेणूवर चालणारं बटण काढून तिथे कायम चालू राहणारं बटण बसवायचं, बस्स. दुसऱ्या कुठल्या देशातल्या संशोधकाला हे इतक्या सहज सुचलं नसतं, कारण गणपूर्ती ही टाळायची गोष्ट आहे हे त्याच्या रक्तात नसतं. वर्षभरात मी तो जिवाणू तयार केला. वहीत त्याचं नाव लिहिलं, तहकूब-१.

जाळीघरातल्या तीस वेलींवर एक हंगाम तो ठेवला. डावणीचा एक ठिपका दिसला नाही. मला आणखी दोन हंगाम हवे होते, आणि कायद्यालाही ते हवे होते. घडवलेला जिवाणू उघड्यावर सोडायचा तर सोडणी कायद्याखाली तीन हंगामांची चाचणी लागते आणि ती झाल्याचा संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. त्या ठरावाचा सूचक आणि अनुमोदक सोडणीला व्यक्तिशः जबाबदार. दादा म्हणाला, दोन हंगामांत गावातली निम्मी बाग डावणी खाईल, आणि तू कागद सांभाळत बस.

ऑक्टोबरच्या छाटणीत सभा लागली. साडेदहाला तहकूब झाली, अकराला भरली. सात जण होते आणि मी. सचिवाने ठराव वाचला, त्यात तीन हंगामांची चाचणी यशस्वी झाली असं होतं. मी मान वर केली. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. सूचक-अनुमोदकाची नावं नंतर टाकू, असं नेहमीप्रमाणे ठरलं आणि सगळे बागेकडे गेले. हा माझा गुन्हा. पुढचं सगळं त्याचंच पीक आहे आणि त्यात मी कोणाला वाटेकरी करत नाही.

नोव्हेंबरात पाऊस झाला, डिसेंबरात झाला. शेजारच्या गावांत बागा करपल्या आणि वडगणीची नऊशे एकर हिरवीगार राहिली. माझा सत्कार झाला, शाल, नारळ, आणि ज्यांनी मला फेसबाई नाव ठेवलं होतं त्यांनीच टाळ्या वाजवल्या. दादाने भाषणात माझं एकदा आणि स्वतःचं सात वेळा नाव घेतलं. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मी खूश होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर रत्नप्रभा वहिनी प्रयोगशाळेत आल्या. त्या सहसा येत नाहीत. त्यांची बेदाण्याची शेड आहे, हंगामात चाळीस बायका हाताखाली असतात, आणि त्या बायका दादाला भीत नाहीत इतक्या वहिनींना भितात. संस्थेत त्या महिला राखीव जागेवर संचालकही आहेत, म्हणजे दादा स्वयंपाकघरात रजिस्टर घेऊन जातो आणि त्या कणकेचे हात पुसून सही करतात. त्यांनी माझ्या टेबलावर एक घड ठेवला.

"वन्सं, हे बघा. माझ्या शेडमधला न्हाई, वेलीवरनं तोडून आणलाय. डिप मारल्यागत दिसायलाय."

बेदाणा करताना द्राक्षं आधी तेलाच्या पाण्यात बुडवतात, त्याला डिप म्हणतात. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका मेणाचा थर असतो, माठावरच्या झाकणासारखा, तो आतलं पाणी उडू देत नाही. डिपने ते मेण निघतं आणि मणी पंधरा दिवसांत सुकतो. वहिनींच्या घडावरचे मणी काचेसारखे चकचकीत होते आणि देठाजवळ सुरकुतायला लागले होते. वेलीवर असतानाच त्यांचा बेदाणा होत होता.

मी म्हणाले, ऊन फार आहे. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खोटं बोलते आहे हे मला त्यांच्याकडून कळलं. त्या मला घरी घेऊन गेल्या, मोरीमागच्या अळवाचं एक मोठं पान तोडलं आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. अळवावरचं पाणी म्हणजे क्षणात ओघळून जाणारं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. ते पाणी पानभर पसरलं आणि चिकटून बसलं. आठ दिवस झालं असंच हाय, वहिनी म्हणाल्या, अळूवडी करताना आलं ध्यानात.

तिथून मी शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात गेले. शाळूच्या ताटावरून बोट फिरवलं की पांढरी पूड लागते, ती मेणाचीच. पाच ताटं बघितली. बोट कोरडं राहिलं.

पुढचे सहा दिवस मी नमुने गोळा केले आणि सहा दिवस स्वतःला शिव्या दिल्या. तहकूब-१ डावणीच्या बीजाणूंवर थांबला नव्हता. त्याला थांबायला सांगणारं बटण मीच काढलं होतं. ऱ्हॅम्नोलिपिडने पानावरचं मेण सुटत होतं, आणि ते सुटलेलं मेण तो खात होता. खाऊन वाढत होता, वाढून आणखी मेण सोडवत होता. द्राक्ष, शाळू, अळू, आंबा, त्याला सगळं सारखंच. ज्या पानाचं मेण गेलं ते दुपारच्या उन्हात माना टाकत होतं. बागांच्या हद्दीपलीकडे पावणेदोन किलोमीटरपर्यंत मला तो सापडला, त्यापुढे नाही. कोरड्या हवेत तो सरपटत पुढे जातो. पावसाचे थेंब पानावर आपटले की मात्र तुषारांबरोबर उडतो, आणि मग वारा त्याला कुठे नेईल याला धरबंध नाही. हवामान खात्याने गुरुवारी अवकाळी सांगितला होता. मला हे सगळं कळलं तो दिवस शुक्रवारचा होता.

उपाय एकच होता. उपाशी आणि कोरड्या उन्हात तो दोन दिवसांवर जगत नाही. गुरुवारच्या आत वडगणीच्या सगळ्या बागा आणि भोवतालचं दोन किलोमीटरमधलं हिरवं उपटून जाळायचं. नाहीतर पुढच्या वर्षी ही गोष्ट जिल्ह्याची आणि त्यापुढच्या वर्षी राज्याची.

मी दादाला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. तो असा ऐकायला लागला की पुढे काहीतरी वाईट येतं हे मला माहीत होतं. तो म्हणाला, या जंतूंतही आपल्या सभासदांसारखे आयत्या बिळावर नागोबा निघतीलच की. सगळे राबतायत म्हटल्यावर काही जण राबायचं सोडून देतील, नुसतं खातील, आणि असे आळशीच शेवटी माजतील. मग आपोआप थांबेल. एक हंगाम धीर धर.

मला कबूल केलं पाहिजे की तो मूर्ख नाही. टाकीत अगदी असंच होतं, राबणाऱ्यांना बाजूला सारून आयतोबा वाढतात, आणि शुक्रवारच्या संध्याकाळी मी त्या आशेवर चार तास घालवले. सहा दिवसांच्या सगळ्या नमुन्यांत आयतोबा शोधले. एकही नव्हता. पानावर प्रत्येक जण आपल्यापुरतं मेण सोडवून आपणच खात होता, शेजाऱ्याला द्यायला काही उरत नव्हतं, मग फुकट्याने जगावं कशावर? रात्री परत येऊन मी हेही त्याला सांगितलं. तेव्हा त्याने खिशातून टाइप केलेला कागद काढला. उष्णतेच्या लाटेमुळे मण्यांना चिरा व सुरकुत्या, असा दाखला होता. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

मी सही करणार नाही म्हणाले. सोडणी कायद्याच्या जिल्हा समितीला कळवणार आहे म्हणाले. तेव्हा तो आत गेला आणि इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन आला. ऑक्टोबरच्या सभेचं पान त्याने माझ्यासमोर उघडलं. तीन हंगामांची चाचणी यशस्वी झाल्याने तहकूब-१ सोडण्यात यावा. सूचक, डॉ. हेमलता चौगुले. अनुमोदक, सौ. रत्नप्रभा धनपाल चौगुले. खाली वहिनींची सही होती, आणि वहिनी त्या दिवशी शेडमधल्या रॅका धुऊन घेत होत्या, सभेच्या आसपासही नव्हत्या.

"कळव की," दादा म्हणाला. "सात वर्षं आत तू जाशील. चाचणी तुझी, जंतू तुझा, सूचना तुझी. मी नुसता अध्यक्षस्थानी होतो."

"मी सूचना केली नाही. तू हे नंतर लिहिलंस."

"मग तसं सांग. चौकशी लागंल. लागू दे." तो रजिस्टर बंद करता करता म्हणाला, "तुला शिकवलं ते माझ्याच मुळावर यायला न्हवं, हेमा."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आपलं नाव ऐकलं होतं. त्या चपला घालून शेडकडे निघून गेल्या. मी त्या क्षणी माझ्या भावाचा जेवढा द्वेष केला तेवढा आयुष्यात कोणाचा केला नव्हता. तो द्वेष अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

शनिवारी सकाळी मी जिल्हा समितीला पत्र पाठवलं. दुपारपर्यंत गावाला कळलं. दूधवाल्याने रतीब बंद केला. प्रयोगशाळेच्या दारात कोणीतरी जळक्या तेलाचं पिंप ओतलं, त्यात मी घसरून पडले, आणि समोरच्या पारावर बसलेले लोक उठले नाहीत. जनगोंडा पाटील, ज्याची बाग मी तीनदा वाचवली होती, तो ऐकू येईल असं म्हणाला की बिनलग्नाच्या बाईला बाग म्हणजे काय कळणार. मी उठले आणि त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याचं भय खोटं नव्हतं. वेल लावल्यापासून पहिलं पीक हाती यायला दोन वर्षं जातात, आणि मी त्याची सोळा वर्षांची वेल उपटायला सांगत होते. तो मला चांगलं का म्हणेल?

सोमवारी समितीचे अधिकारी पटवेकर आले. संस्थेच्या सभागृहात ते, दादा, वहिनी, मी आणि सचिव एवढेच आत होतो. बाकी गाव बाहेर होतं आणि त्याचा आवाज खिडकीतून येत होता. पटवेकर सडपातळ, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझे नमुन्यांचे कागद वाचले, रजिस्टर वाचलं आणि कायदा सगळ्यांना कळेल असा सांगितला. सूचक आणि अनुमोदक या दोघांनी सोडणीची आणि खोट्या चाचणीची लेखी कबुली दिली, आणि इतिवृत्त खरं असल्याची अध्यक्षांनी सही केली, तर मी आज, आत्ता, नष्ट करण्याचा आदेश देऊ शकतो. यांतल्या एकानेही नाकारलं, तर आधी नमुने केंद्राच्या प्रयोगशाळेत जातील आणि दप्तराची चौकशी लागेल. चाळीस दिवस धरा.

दादाने खुर्चीला पाठ टेकली. त्याचा डाव मला तेव्हा पुरता कळला. त्याने ते पान मला तुरुंगात घालायला लिहिलं नव्हतं. मी ते नाकारावं म्हणून लिहिलं होतं. कोणती बाई न केलेल्या गुन्ह्याला हो म्हणते? मी ओरडेन, हे खोटं आहे म्हणेन, चौकशी लागेल, आणि चाळीस दिवसांत द्राक्षं काढून बाजारात जातील. पावसाचं काय होईल ते होवो.

पटवेकरांनी विचारलं, "डॉक्टर, हा ठराव तुम्ही मांडलात?"

मी सूचना केली नव्हती. पण त्या दिवशी मान वर करून पुन्हा खाली घातली होती, आणि ती मान खाली गेल्यावर दुसऱ्या कोणी सूचना करायची गरजच उरली नव्हती.

"हो," मी म्हणाले. "मीच मांडला. चाचणी एकाच हंगामाची होती, हे मला ठाऊक होतं."

दादा पुढे सरकला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पटवेकर वहिनींकडे वळले. इथून पुढचं माझ्या हातात नव्हतं. वहिनींशी मी शुक्रवारनंतर बोलले नव्हते. काय तोंडाने बोलणार होते? माझ्या पापात सात वर्षांची भागीदार व्हा, असं? त्यांनी फक्त खरं सांगायचं होतं, मी त्या दिवशी तिथं नव्हते एवढंच, आणि त्या सुटल्या असत्या. दादाने त्यांच्याकडे पाहून मान किंचित हलवली. सांग, नव्हते म्हणून सांग.

वहिनी त्याच्याकडेच बघत बोलल्या. "व्हय. अनुमोदन मी दिलं. सही माझीच हाय."

"रत्ना, तू शेडमधे होतीस त्या दिवशी," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मान लाल झाली होती.

पटवेकरांनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. "चेअरमनसाहेब, या त्या दिवशी सभेत नव्हत्या असं तुमचं म्हणणं असेल तर इतिवृत्त खोटं ठरतं. ते लिहिणाऱ्यावर मला आजच गुन्हा नोंदवावा लागेल. सांगा. खरं आहे की खोटं?"

बाहेर कोणीतरी दादाच्या नावाने ओरडत होतं, चेअरमन बाग सोडू नका म्हणून. खोटं आहे, एवढे दोन शब्द तो बोलला असता तर नऊशे एकरांना चाळीस दिवस मिळाले असते. त्याची बायको सुटली असती. मी सुटले असते. ज्या बागांसाठी त्याने हे सगळं रचलं त्या बागा या हंगामापुरत्या तरी वाचल्या असत्या, आणि त्याच्या नावाने ओरडणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेऊन मिरवलं असतं. फक्त आत तो गेला असता.

त्याने बराच वेळ पेन हातात धरलं. मग इतिवृत्त खरे आहे, असं लिहून खाली सही केली.

पटवेकरांनी आदेशावर वेळ घातली, बारा वाजून दहा मिनिटं. पटवेकरांनी सोबत आणलेली उपटणीची यंत्रं रस्त्यावर उभीच होती. वहिनींनी त्यांना विचारलं की आमच्या तीन एकरांपासून सुरुवात केली तर चालेल का, म्हणजे बाकीच्यांना तोंड दाखवता येईल. ते चालेल म्हणाले. दादा उठून मागच्या दाराने गेला.

मी हो म्हणाले ते त्याच्याच भरवशावर. वहिनींचं मला काही ठाऊक नव्हतं, पण माझा भाऊ स्वतःची कातडी बागेपेक्षा, बायकोपेक्षा आणि बहिणीपेक्षा आधी वाचवेल, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तो अगदी माझ्या अंदाजाप्रमाणे वागला. गुरुवारचा पाऊस काळ्या राखेवर पडला. सांगलीच्या कोठडीत पहिल्या रात्री वहिनी शांत झोपल्या आणि मी रडले. मी त्याचा द्वेष करते हे खरंच आहे. पण ते पेन त्याच्या हातात होतं तेवढा वेळ मी देवाजवळ एकच मागत होते, की एकदा, फक्त एकदा, माझा अंदाज चुकू दे.